आवाज जुना, कागद कोरा: नागपूरच्या एका बँडच्या पहिल्या अल्बमचं प्रकरण

नागपुरात 'रेट्रो' म्हटलं की लोकांना किशोर-रफी नाइट आठवते. छोटं सभागृह, कराओकेचे ट्रॅक, बँकेतून निवृत्त झालेले हौशी गायक आणि मध्यंतरात समोसा. या शहरात विशीतल्या पाच जणांनी साठ-सत्तरच्या दशकातल्या पॉप-रॉकच्या बाजात स्वतःची मराठी गाणी करायला घेतली, तेव्हा त्यांची स्पर्धा दुसऱ्या कुठल्या रॉक बँडशी नव्हतीच. ती होती या नाइटांशी. गंमत म्हणजे पहिले श्रोतेही तिथूनच आले. कॉलेजची पोरं येतील म्हणून लावलेल्या कार्यक्रमात पुढच्या रांगा काका-काकूंनी भरल्या आणि "जुनं एखादं होऊन जाऊ द्या" अशी फर्माईश सुरू झाली.

या प्रकरणात कुणाचंही नाव दिलेलं नाही, वाद्यांवरूनच ओळख ठेवू. गायिका शब्द लिहिते. गिटारवाला चाली करतो आणि बँडचा व्यवहारही तोच बघतो, म्हणजे इतर कुणी बघत नाही म्हणून. की-बोर्डवाला वडसा भागातला. त्याचे मामा झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या नाटकांत ऑर्गन वाजवतात, आणि दिवाळीपासून होळीपर्यंतचा तो हंगाम बघतच हा लहानाचा मोठा झाला. बेसवाला इंजिनिअर. ड्रमरच्या काकांचं इतवारीत कापडाचं दुकान आहे. या काकांना पुढे महत्त्व येणार आहे. मी इथं सभागृहांमध्ये साउंडचं काम करतो. या अल्बमचं ध्वनिमुद्रण मी केलं आणि नंतरच्या कागदपत्रांतही ओढला गेलो.

९ गाणी, एकूण २७ मिनिटं. अल्बम तयार होता, मास्टर झालेला होता (म्हणजे आवाजावर शेवटचा हात फिरला होता), तारीख ठरली होती. त्यातलं एक गाणं आधी एकटं सोडलं. उन्हाळ्यात दुपट्टा गुंडाळून गाडीवर फिरणाऱ्या मुलीचं ते गाणं. मुखडा असा: 'तोंडाले दुपट्टा, ओयखू कसा तुले'. गाणं बऱ्यापैकी फिरलं. आणि चारेक दिवसांनी की-बोर्डवाल्याने ॲपवर त्या गाण्याची श्रेयनामावली उघडून पाहिली. गीतकार, संगीतकार, निर्माता, तिन्ही ठिकाणी एकच नाव होतं, गिटारवाल्याचं.

प्रकरण इथून सुरू होतं. पण ते का घडलं हे कळायला आधी गोदामात जावं लागेल.

गोदाम

स्टुडिओ परवडत नव्हता हे खरं, पण तेवढंच कारण नव्हतं. नागपुरातले बहुतेक छोटे स्टुडिओ एकेक जण येऊन आपापला भाग वाजवून जाईल अशा बेताचे आहेत. या पोरांना एकत्र वाजवायचं होतं. जुन्या तबकड्यांत जी धडधड ऐकू येते ती एका खोलीत बसलेल्या माणसांची असते. मुंबईत साठच्या दशकात अख्खा वाद्यवृंद आणि गायक एकाच वेळी ध्वनिमुद्रित होत. बीटल्ससुद्धा १९६३च्या उत्तरार्धापर्यंत दोन ट्रॅकच्या आणि पुढे १९६८ पर्यंत बहुतेक चार ट्रॅकच्या यंत्रावर काम करत होते. ट्रॅक म्हणजे आवाज वेगळा साठवायची एक पट्टी. इतके कमी ट्रॅक असले की गिटार मोठी हवी की ऑर्गन, हे वाजवण्यापूर्वीच ठरवावं लागतं. नंतर वेगळं करता येत नाही.

ड्रमरचे काका म्हणाले, रात्री गोदाम रिकामंच असतं. मी जाऊन टाळी वाजवून पाहिली आणि उडालोच. टाळीला मागे काही नाही, आवाज जागीच मेला. तिन्ही भिंतींना चादरींच्या गाठी आणि सुती कापडाचे तागे छतापर्यंत लावलेले. आवाज शोषायला सच्छिद्र आणि जाड काहीतरी लागतं, आणि जाडी जितकी जास्त तितका खालचा, बेसचा आवाजही पकडला जातो. स्टुडिओवाले ज्यासाठी पैसे मोजून फोमचे पातळ तक्ते लावतात, त्याहून कितीतरी चांगला माल इथं विक्रीसाठी रचून ठेवलेला होता. एका भिंतीपुढच्या गाठी थोड्या मागे सरकवून घेतल्या, नाहीतर खोली अगदीच बहिरी झाली असती.

अडचण उन्हाची. एप्रिल-मे, पत्र्याचं छत, रात्री अकरालाही आत भट्टी. कूलर होता, पण कूलरच्या पंख्याचा आवाज प्रत्येक माइकमध्ये जायचा आणि त्याची मोटर गिटारच्या सिंगल कॉइल पिकअपमध्ये घुं करून बसायची. मग पद्धत अशी पडली: कूलर चालू, सगळे पाणी पितात, कूलर बंद, एक टेक, पुन्हा कूलर. गार-गरम होऊन गिटारच्या तारा उतरायच्या, म्हणून दर टेकआधी सूर लावणं आलं. याचा फायदा असा झाला की कुणीही उगाच टेक मागत नव्हतं. घामाने हात निसटतोय म्हटल्यावर माणूस पहिल्या-दुसऱ्या वेळीच नीट वाजवतो.

ट्रॅक आम्ही आठच ठेवले. संगणकाला शंभर चालले असते, पण ठरवून आठ. ड्रमला तीन, बेस, गिटार, ऑर्गन आणि मुख्य आवाज यांना एकेक, आणि आठवा मोकळा, ज्यावर दुसरा आवाज, टाळ्या किंवा खंजिरी यांपैकी एकच काहीतरी. खंजिरी हवी असेल तर दुसरा आवाज नाही. यावर भांडणं झाली, पण ती वाजवण्याआधी झाली.

तीन माइकवर ड्रम घेण्याची पद्धत जुनी आहे. एक पायाच्या ड्रमपुढे, एक स्नेअरच्या बरोबर वर, एक उजवीकडून फ्लोअर टॉमच्या अंगाने. वरच्या दोन माइकांचं स्नेअरपासूनचं अंतर अगदी सारखं हवं. आवाज एका मिलिसेकंदाला साधारण ३४ सेंटीमीटर जातो, त्यामुळे वीतभर फरक पडला तरी दोन माइक एकमेकांचा आवाज खातात आणि स्नेअर पोकळ वाटतो. आम्ही अंतर मोजलं ते दुकानातल्या कापड मोजायच्या लोखंडी मीटरपट्टीने. काका उभे राहून बघत होते. "तीन बोटं कमी भरून राहिलं इकडून," असं त्यांनीच सांगितलं, आणि खरंच तेवढं कमी होतं. माप मारणाऱ्या माणसाच्या डोळ्यापुढे लेझरची गरज नसते.

टॉमचा घणघणाट मारायला त्यावर दुपट्टा टाकला. विलायतेत त्या काळी स्वयंपाकघरातला टॉवेल टाकायचे, आमच्याकडे गाडीवर तोंडाला बांधायचा सुती दुपट्टा होताच. बेसला सपाट गुंडाळीच्या तारा आणि ब्रिजपाशी स्पंजचा तुकडा, म्हणजे सूर 'ठुप्' करून थांबतो, रेंगाळत नाही. गिटारच्या अँपमध्ये स्प्रिंगचा रिव्हर्ब, म्हणजे स्प्रिंगांनी आणलेला घुमारा. एका टेकमध्ये ड्रमरचा पाय अँपला लागला आणि स्प्रिंगा खणखणल्या. ते तसंच ठेवलंय, सहाव्या गाण्यात ऐकू येतं.

टेपचा आवाज देणारं सॉफ्टवेअर मी शेवटी थोडं लावलं, कबूल. पण त्याने जुनेपणा येतो असं मला वाटत नाही. ज्यांनी आधी शंभर ट्रॅक भरले आणि मग टेपचा मुलामा दिला त्यांची गाणी मला जुन्या फ्रेममधल्या नव्या फोटोसारखी वाटतात. मास्टर करतानाही आवाज दाबून मोठा करायचा मोह टाळला. स्पॉटिफाय सगळी गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (हे आवाजाचा मोठेपणा मोजायचं एकक) पातळीवर आणून वाजवतं, त्यामुळे पिळून काढलेल्या गाण्याला तिथं फायदा काही मिळत नाही, उलट ते खाली ओढलं जातं.

सांगायचं एवढंच की या पोरांनी आवाजाच्या बाबतीत 'नंतर बघू' हे शब्दच हद्दपार केले होते. कोणतं वाद्य कुठे गप्प बसेल, अंतरा किती ओळींचा, शेवट फेड की ठोक, सगळं आधी ठरलेलं. आणि कागदाच्या बाबतीत? एक ओळ कुठं लिहिलेली नव्हती.

आठ सूर

गिटारवाल्याने मुद्दाम काही केलं नव्हतं, हे आधी नोंदवतो. गाणं ॲपवर चढवून देणाऱ्या कंपनीचा ऑनलाइन फॉर्म रात्री भरायला बसला, रकाने रिकामे ठेवले तर पुढचं पान उघडेना. "बे, फॉर्म पुढंच जाऊन नव्हता राहिला, म्हणून माझं नाव टाकलं. नंतर बदलून टाकू ना," हे त्याचं म्हणणं. यावर की-बोर्डवाल्याचं उत्तर मला आजही बिनतोड वाटतं: "मंग ते आठ सूर काढून टाक गाण्यातून, आन् वाजवून दाखव."

आठ सूर म्हणजे गाण्याच्या सुरुवातीचा आणि दोन अंतऱ्यांमधला ऑर्गनचा तुकडा. कार्यक्रमात लोक मुखड्याआधी तो तुकडाच गुणगुणायला लागतात. तो की-बोर्डवाल्याने गोदामात, कूलर चालू असताना, सहज वाजवला होता. मामांच्या हाताखाली शिकलेली चलन त्यात स्पष्ट आहे: पडदा उघडताना झाडीपट्टीत ऑर्गन जसा एकदम भरून येतो तसा.

आता हा तुकडा चालीचा भाग की सजावट? आपल्याकडे फिल्मी संगीतात या प्रश्नाचं उत्तर पिढ्यान्‌पिढ्या एकच राहिलं. गाण्याची ओळख ठरलेले कितीतरी तुकडे वादकांनी आणि अरेंजरांनी सुचवले, आणि त्यांना त्या दिवसाचं मानधन मिळालं. नाव संगीतकाराचं. गिटारवाला तेच धरून बसला होता, चाल माझी, बाकीचं वाजवणं.

कायद्याची भाषा वेगळी आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात शब्द ही एक कृती, संगीत ही दुसरी, आणि ध्वनिमुद्रण ही तिसरी. संगीताच्या कृतीचा कर्ता म्हणजे जो ते रचतो तो, मग त्याने नोटेशन लिहिलेलं असो वा नसो. दोघांचं योगदान एकमेकांपासून वेगळं काढता येत नसेल तर ते संयुक्त कर्ते. 'काढून टाक आणि वाजवून दाखव' या वाक्याचं वजन इथं आहे. आठ सूर काढले तर उरतं ते दुसरंच गाणं.

गायिकेचं मात्र काहीच वादात नव्हतं आणि तरीही तिचंच नाव सर्वांत सरळ उडालं होतं. शब्द संपूर्ण तिचे. ती बोलली कमी, पण तिनेच बैठक बोलावली. रविवारी सकाळी ड्रमरच्या घरी, तर्री-पोहे, आणि मध्ये एक फुलस्केप वही.

मी आधी सुचवलं होतं की सगळ्या गाण्यांत पाचही जणांचा सारखा वाटा लिहून टाका. बरेच बँड तसं करतात आणि घरात शांतता राहते. गायिका म्हणाली, शब्द मी लिहिले असताना कर्ता म्हणून ड्रमरचं नाव कसं लिहायचं? बरोबर होतं. आयपीआरएस, म्हणजे गीतकार-संगीतकारांच्या वतीने रॉयल्टी गोळा करणारी संस्था, तिथं गाणं नोंदवताना खरे कर्ते लागतात. म्हणून दोन वेगळी पानं केली. एका पानावर गाणं: शब्द अर्धे, चाल अर्धी, आणि चालीच्या अर्ध्यात ज्याने जे रचलं त्याप्रमाणे. दुपट्ट्याच्या गाण्यात चालीचे तीन भाग पाडून दोन गिटारवाल्याला, एक की-बोर्डवाल्याला. दुसऱ्या पानावर ध्वनिमुद्रण: ते पाचांचं, सारखं. गाण्यागणिक बसून, काही ठिकाणी पुन्हा वाजवून बघत हे लिहिलं. दोन गाण्यांत की-बोर्डवाल्याचं काहीच निघालं नाही आणि त्याने ते स्वतःच सांगितलं.

आधीच चढवलेलं गाणं खाली काढायची गरज पडली नाही. श्रेय दुरुस्त करून पुन्हा पाठवलं, आयएसआरसी तोच ठेवला. हा १२ चिन्हांचा क्रमांक त्या ध्वनिमुद्रणाची ओळख असतो. तो बदलला असता तर आधी ऐकलं गेलेलं सगळं वेगळ्या खात्यात जाण्याचा धोका होता. अल्बमची तारीख मात्र पुढे ढकलली. ती तशीही ढकलावीच लागली असती, कारण स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं सुचवायचं तर किमान ७ दिवस आधी, आणि एका वेळी एकच. पोरं तिथंही उशिरा जागी झाली होती.

काकांचं नाव

खरं अवघड प्रकरण हे होतं, आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

काकांनी गोदाम दिलं, भाड्याच्या माइकांचे आणि मास्टरिंगचे पैसे दिले, रात्री चहा पाठवला. बदल्यात मागितलं काय? "मले पैसे नको तुमचे. निर्माता म्हणून नाव टाका, बस झालं." यात कुणाला काय वावगं वाटणार? पत्रिकेवर निमंत्रक म्हणून आजोबांचं नाव घालतो तसं घालायचं.

घोडं इथंच पेंड खातं. कायद्यात ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणजे निर्माता, आणि निर्माता म्हणजे ते तयार करण्यात ज्याने पुढाकार आणि जबाबदारी घेतली तो. करार काही वेगळं सांगत नसेल तर पहिला मालकही साधारणपणे तोच. कलम ५२ए प्रमाणे प्रकाशित ध्वनिमुद्रणावर ते करणाऱ्याचं नाव-पत्ता, हक्कधारकाचं नाव-पत्ता आणि पहिल्या प्रकाशनाचं वर्ष द्यावं लागतं. वर ज्याचं नाव कर्ता म्हणून छापलेलं असतं तोच कर्ता, असं कोर्ट सुरुवातीला धरून चालतं. म्हणजे मानाने दिलेलं नाव उद्या मालकीचा पुरावा. काका देवमाणूस आहेत. पण दुकान तीन भावांचं आहे, गोदाम सामाईक आहे, आणि उद्या वाटणीची वेळ आली तर अल्बम चादरींच्या गाठींबरोबर यादीत लागू शकतो.

हे काकांना सांगायचं कुणी? पुतण्या तयार होईना. शेवटी गिटारवाला आणि मी दुकानात गेलो. काका गिऱ्हाईक करत होते, ऐकत होते. मी कायदा सांगायला लागलो तर त्यांच्या चेहऱ्यावर 'इतकं केलं आणि हे शिकवून राहिले' असं दिसायला लागलं. गिटारवाल्याने मग त्यांच्या भाषेत विचारलं, "काका, तुमच्या दुकानाच्या पाटीवर माझं नाव लावलं तर चालते का?" काका हसले. "पाटीवर नाव म्हणजे दुकान त्याचं." मिनिटभर थांबून म्हणाले, "लिहा काय लिहायचं ते."

एक पान झालं. दिलेले पैसे ही बिनव्याजी उसनवारी, कार्यक्रमांच्या उत्पन्नातून फेडायची, जागा विनामूल्य, ध्वनिमुद्रणावर हक्क नाही. अल्बमवर निर्माता म्हणून बँड आणि खाली स्वतंत्र ओळीत काकांचे आभार, दुकानाच्या नावासकट. दुकानाचं नाव आल्यावर काकांचा रुसवा गेला. मला तर वाटतं त्यांना पहिल्यापासून तेच हवं होतं.

बेसवाल्याचं पान त्या मानाने पटकन झालं, जरी तो तोवर पुण्याला नोकरीवर गेला होता. वाजवणाऱ्याचाही कायद्यात वेगळा हक्क आहे आणि त्याच्या वाजवण्याचा व्यापारी वापर करायचा तर लेखी संमती हवी. त्याने सही करून पाठवली. मुखपृष्ठाच्या फोटोत कोण, यावर जास्त चर्चा झाली. कार्यक्रमात आता नवा बेसवाला वाजवतो, पण अल्बममध्ये जुना वाजलाय. फोटो जुनाच राहिला.

दोन फर्माइशी आणि एक करार

कार्यक्रमांत ज्या दोन जुन्या हिंदी गाण्यांवर हमखास टाळ्या पडतात ती अल्बममध्ये घ्यायची की नाही, हा वाद ध्वनिमुद्रणाच्या आधीपासून होता. ड्रमरचा मुद्दा बळकट होता. बीटल्सच्या १९६३च्या पहिल्या अल्बममध्ये १४ गाणी होती, त्यांतली ६ दुसऱ्यांची. त्यांना चाललं तर आपल्याला का नाही?

गिटारवाल्याने कुठेतरी वाचलं होतं की ध्वनिमुद्रणावरचा हक्क ६० वर्षांनी संपतो, म्हणून १९६४ पर्यंतची गाणी मोकळी झाली. अर्धं खरं. १९६४ साली प्रकाशित झालेल्या ध्वनिमुद्रणाचा हक्क २०२४च्या अखेरीस संपला. पण शब्द आणि चाल यांचा हक्क त्या-त्या कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो, आणि कर्ते संयुक्त असतील तर शेवटी गेलेल्याच्या मृत्यूपासून मोजायचं. उदाहरणार्थ, गीतकार शैलेंद्र १९६६ साली गेले, म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०२६ अखेरपर्यंत. संगीतकार जोडीतले जयकिशन १९७१ साली गेले, शंकर १९८७ साली, म्हणजे या जोडीच्या चाली २०४७ अखेरपर्यंत बांधलेल्या. परिणाम उफराटा आहे: त्या जुन्या तबकडीच्या ध्वनिमुद्रणावरचा हक्क संपला, पण तेच गाणं स्वतः गाऊन ध्वनिमुद्रित करायचं तर परवानगी हवी.

कव्हरसाठी, म्हणजे दुसऱ्याचं गाणं स्वतः गाऊन काढण्यासाठी, कलम ३१सी आहे. मूळ ध्वनिमुद्रणाच्या वर्षानंतर पाच वर्षं उलटल्यावर, आगाऊ सूचना आणि रॉयल्टी देऊन कव्हर काढता येतं. पण रॉयल्टी वर्षाला किमान ५०,००० प्रतींची भरायची, आणि शब्द-चालीत तांत्रिक गरजेपलीकडे बदल करायचा नाही. कॅसेटच्या जमान्यातला विचार आहे हा. आमच्या पोरांनी एका गाण्याचा ठेका बदलला होता आणि दुसऱ्यात वऱ्हाडी ओळ घुसवली होती, जी लोकांना सर्वांत आवडायची. म्हणजे ३१सीचं दार बंद. थेट परवानगी मागितली, उत्तर आलं नाही, गाणी गळली. मला ते बरंच झालं असं वाटतं. भारतात १९७० आणि १९७१च्या सिमला बीट स्पर्धांतून ज्या बँडांच्या तबकड्या निघाल्या, त्यांतली आज शोधून ऐकली जातात ती बहुतेक त्यांची स्वतःची गाणी.

दुपट्ट्याचं गाणं फिरल्यावर मुंबईहून एका लेबलचा मसुदा आला. जगभर, कायमचे, सर्व माध्यमांतले हक्क. बदल्यात 'योग्य ती प्रसिद्धी'. बँडमधल्या दोघांना वाटलं, कायदा आपल्या बाजूचा आहे, घाबरायचं काय. कायद्यात तसं आहेही: मुदत लिहिलेली नसेल तर ५ वर्षं, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरतं. पण हे करार गप्प असेल तेव्हाचं. इथं करार स्पष्ट बोलत होता. २०१२च्या दुरुस्तीने शब्द आणि चालीच्या कर्त्यांचा रॉयल्टीतला समान वाटा लिहून देता येत नाही, तेवढं संरक्षण करार काहीही म्हणो, राहतंच. मात्र ते गाण्याच्या कर्त्यांना; ध्वनिमुद्रण एकदा कायमचं दिलं की ड्रमर आणि बेसवाल्याच्या हाती काय? बँडने नकार कळवला. लेबल लबाड होतं असं मी म्हणणार नाही. पण प्रसिद्धी कधी, कुठे, किती, यातलं काहीच त्यात तारखेसह नव्हतं, आणि हक्क मात्र कायमचे लिहिलेले होते.

निघाल्यानंतर

प्रकाशनाचा कार्यक्रम फुटाळा तलावाच्या काठावर करायची हौस होती. उघड्यावर पोलीस परवानगी, आणि रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद. म्हणून लक्ष्मीनगरमधलं एक छोटं सभागृह घेतलं. कव्हर गाणी वाजवायची असल्याने आयपीआरएसचा परवाना काढला. मध्यंतरात स्पीकरवर जुनी गाणी लावायची टूम निघाली होती, पण वाजवलेल्या ध्वनिमुद्रणांचा परवाना वेगळा, त्यामुळे मध्यंतर बिनसंगीताचं गेलं.

एलपी काढावी असं सगळ्यांनाच वाटत होतं, आणि २७ मिनिटं दोन बाजूंत आरामात बसली असती. एका बाजूला २०-२२ मिनिटांपर्यंत आवाज खणखणीत राहतो. खर्च बघून बेत सोडला. त्याऐवजी गाण्यांचे शब्द आणि क्यूआर कोड असलेली एलपीच्या आकाराची चौकोनी पुस्तिका छापली. तिची विक्री तिकिटांइतकीच झाली, आणि ती घेणाऱ्यांत काकू जास्त. पोरांना याचं थोडं वाईट वाटलं, मला अजिबात नाही. त्या काकूंनी पुढे तीन लग्नांच्या संगीत संध्येसाठी बँडचं नाव सुचवलं, आणि काकांची उसनवारी त्यातूनच फिटतेय.

ॲपवरच्या पैशाबद्दल फार बोलण्यासारखं नाही. २०२४पासून स्पॉटिफायवर एखादं गाणं मागच्या १२ महिन्यांत १,००० वेळा वाजलं नसेल तर त्याच्या ध्वनिमुद्रणाला रॉयल्टीच सुरू होत नाही. बँडची चार गाणी ती रेघ ओलांडून गेली, बाकीची अजून खाली आहेत. आयपीआरएसमध्ये तिघांनी सभासदत्वाचे अर्ज केलेत. की-बोर्डवाल्याने अर्जात पेशाच्या रकान्यात 'संगीतकार' लिहिलं आणि त्याचा फोटो मामांना पाठवला.

नव्या अल्बमची पहिली दोन गाणी बांधून झाली आहेत. यातल्या एकाची चाल नव्या बेसवाल्याने वाजवलेल्या धूनवर उभी आहे, आणि तो सध्या फक्त कार्यक्रमाच्या मानधनावर आहे. वही बाहेर निघाली, गाण्याचं नाव आणि तारीख लिहिली गेली. त्याचा वाटा किती, यावर गिटारवाला आणि गायिका यांचं अजून जमलेलं नाही. जमेपर्यंत त्या गाण्याचं ध्वनिमुद्रण करायचं नाही, एवढं मात्र पाचही जणांच्या सहीने वहीत आलंय.